ओल्या कचऱ्याची बादली आणि यंत्राचे तोंड

पत्र : सिंहगड रस्त्यावरील आमच्या ७२ सदनिकांच्या सोसायटीची मी मानद सचिव आहे. जानेवारीत आम्ही अन्नकचऱ्यापासून खत करण्याचे यंत्र बसवले. त्यात रोज साधारण ५० किलो ओला कचरा जातो. चार महिने सारे सुरळीत होते. मे महिन्यात यंत्र दोनदा अडकले, जूनपासून आंबूस वास सुटला आहे आणि बागेतल्या मोगऱ्याला हे खत घातले तर आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या. यंत्र बसवून देणारे म्हणतात, ‘फक्त ओला कचरा टाका’. आम्ही तेच करतो आहोत. मांसाहारी खरकटे घालावे की नाही यावरून सभेत दोन तट पडले आहेत. यंत्रात नेमके काय घालावे आणि काय घालू नये?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

‘आम्ही तेच करतो आहोत’ हे आपले वाक्य मी दोनदा वाचले, कारण घोटाळा तिथेच आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक ही वर्गवारी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांमुळे घरोघरी पोहोचली हे चांगलेच झाले. पण कुजणारे एका बादलीत आणि न कुजणारे दुसऱ्या बादलीत, एवढाच तिचा हेतू आहे. किती दिवसांत कुजणारे, याबद्दल ती काहीच सांगत नाही. कोथिंबिरीची काडी पाहता पाहता मातीला मिळते, नारळाच्या करवंटीला काही वर्षे लागतात, आणि दोन्ही ओल्या कचऱ्याच्याच बादलीत पडतात. बागेतल्या खड्ड्याला त्याचे सोयरसुतक नसते, कारण त्याला घाई नसते. आपल्या यंत्राला मात्र चोवीस तासांची मुदत दिलेली आहे आणि त्याच्या पोटात एक फिरता शाफ्ट आहे. म्हणून ओल्या बादलीतल्या काही वस्तू यंत्राच्या तोंडाशी अडवाव्या लागतात आणि एरवी झाडून बाहेर टाकला जाणारा सुका पालापाचोळा मुद्दाम आत घालावा लागतो.

यंत्राची रचना एकदा झाकण उघडून सर्व सभासदांना दाखवावी, असे मी सुचवेन. निम्मे वाद तिथेच मिटतात. आडवे पिंप, त्यातून जाणारा शाफ्ट, शाफ्टला पाती, बाहेरून ऊब देणारा हीटर आणि वाफ ओढून घेणारा पंखा, एवढाच तो संसार असतो. बाजारात या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात अन्न दळून नुसते वाळवले जाते. दुसऱ्यात जिवाणूंचे कल्चर घातलेले असते आणि पिंप कधीही पूर्ण रिकामे करायचे नसते, कारण तळाशी उरलेला माल हा पुढच्या कचऱ्याचे विरजण असतो. आपल्याला यंत्रासोबत कल्चरची पाकिटे मिळाली असतील, तर आपले यंत्र दुसऱ्या प्रकारचे आहे. प्रकार कोणताही असला, तरी दुसऱ्या दिवशी बाहेर पडणारी तपकिरी पूड हे तयार खत नसते. ते खताचे कच्चे रूप असते. विक्रेते ही गोष्ट हळू आवाजात सांगतात. मोगऱ्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो, पण त्याकडे शेवटी येतो.

यंत्राला मानवणाऱ्या वस्तूंबद्दल फार लिहावे लागणार नाही. भाज्यांची देठे व साली, मटारची टरफले, फळांच्या साली, कांद्याचा पाचोळा, पिळून घेतलेला चहाचा चोथा, शिळी पोळी, भात, निथळलेली उसळ, चुरलेली अंड्याची कवचे हे सारे निर्धास्तपणे घालावे. लिंबू-मोसंबीच्या साली चालत नाहीत असा एक समज आहे. घरगुती प्रमाणात त्या चालतात, रसवंतीवाल्याचे पोते मात्र एकदम ओतू नये. हाताच्या पंजापेक्षा मोठी वस्तू चिरून घालावी. कलिंगडाची अख्खी फोड पात्यांवर नुसती उड्या मारत राहते, चिरलेली साल दुसऱ्या दिवशी ओळखूही येत नाही.

आता अडकण्याबद्दल. यंत्र मे महिन्यातच दोनदा अडकावे यात आश्चर्य नाही. तो आंब्याचा महिना आहे. कोय यंत्राला दोन अंगांनी छळते. तिचे कवच पात्यांना तुटत नाही, आणि अंगावरचे केस गळून शाफ्टभोवती गुंडाळले जातात. एखाददुसरी कोय पचून जाते, पण ७२ घरांचा रविवारचा आमरस म्हणजे कोयींची रासच. आंब्याच्या साली आत, कोयी बाहेर, हा नियम एप्रिल ते जूनपुरता जिन्यात लिहून लावावा आणि कोयी बागेच्या कोपऱ्यात वाळवून खड्ड्यात पुराव्यात. हाच न्याय नारळाची शेंडी व करवंटी, उसाची चिपाडे, मक्याच्या कणसावरची पाने व केस, दाणे काढलेले कणीस, तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि मटणाच्या नळ्या यांना लागू आहे. करवंट्यांबद्दल मला नेहमी हळहळ वाटते. वाड्यांतले बंब गेले आणि पुण्यात करवंटीचे हक्काचे घर गेले.

कठीण वस्तूंपेक्षाही चिवट वस्तू अधिक त्रासदायक असतात, हे मी स्वानुभवाने सांगतो. आमच्या सोसायटीत गौरी-गणपतीनंतरच्या सोमवारी यंत्र कण्हल्यासारखा आवाज करून थांबले. झाकण उघडले तर शाफ्टवर मनगटाएवढा जाड, तपकिरी, ओला दोरखंड चढलेला होता, आणि त्यात झेंडूची एकही पाकळी शिल्लक नव्हती. फुले केव्हाच विरघळली होती, उरला होता तो सहा दिवसांच्या हारांचा दोरा. आम्ही दोघांनी आळीपाळीने आत हात घालून तो दोरा ब्लेडने कापला, त्याला दोन तास लागले आणि एका हाराची जरीची फीत पात्याच्या मुळाशी इतकी घट्ट बसली होती की ती शेवटी पक्कडीने ओढावी लागली. निर्माल्य यंत्रात अवश्य घालावे, ते उत्तम खाद्य आहे. पण हाराचा दोरा ओढून, दूर्वांच्या जुडीचा दोरा सोडून आणि प्लॅस्टिकची फुले, जर, थर्माकोल वेचून मगच. सत्यनारायणाच्या चौरंगाचे केळीचे खुंट आणि पंगतीची केळीची पाने यांना तोच धोका आहे, कारण पानाची मधली शीर दोरीसारखीच गुंडाळली जाते. पाने वीतभर लांबीची कापून घालता येतात. खुंट खड्ड्याला द्यावेत.

वासाचे कारण पाणी आहे. शिजलेले अन्न आणि भाजीपाला यांच्या वजनाचा साधारण ७० ते ८० टक्के भाग पाणीच असते, तर खत करणाऱ्या जिवाणूंना ५० ते ६० टक्के ओल मानवते. त्यापुढे कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा कोंडते, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू माल आंबवू लागतात. तोच आपला आंबूस वास. (डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास आला असता तर मी कारण वेगळे सांगितले असते: डाळ, मांस, मासळी यांतले नत्र जास्त आणि पालापाचोळा कमी.) जूनमध्ये हवाच दमट असते, पालेभाज्या धुवट येतात, आणि घरोघरी आमटीचा तळ बादलीतच ओतला जातो. हिशेब करून पाहावा. दहा किलो कचऱ्यात आठ लिटर पाणी असेल, तर त्याची ओल ६० टक्क्यांवर आणायला सुमारे चार किलो वाळका पाला लागेल. त्याच कचऱ्यातून आधी दोन लिटर पाणी निथळून काढले, तर अडीच किलोहून कमी पाला पुरेल. यंत्रात हीटर असल्यामुळे पाला याहून कमी लागतो हे खरे, पण मग ते काम वीज करते, आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.७ युनिट खर्च होतात. रोज पाच लिटर पाणी घरच्या घरी निथळले, तर महिन्याचे शंभर युनिट वाचतात. हा आकडा सभेत सांगितला की वासाबद्दल उदासीन असणारेही कान टवकारतात.

म्हणून खरी चाळणी यंत्रापाशी नव्हे, घरच्या मोरीत हवी. सिंकच्या जाळीत जमलेले खरकटे दाबून, आमटी-रस्सा-ताक गाळून, मगच बादलीत टाकावे. नासलेले दूध किंवा उरलेले सार थेट यंत्रात ओतू नये. तळणाचे तेल तर अजिबात नको, कारण ते प्रत्येक कणावर पातळ लेप चढवते आणि त्यातून ना हवा आत जाते ना पाणी बाहेर येते. दिवाळीच्या फराळानंतरच्या आठवड्यात यंत्रे चिकट गोळे काढू लागतात, त्याचे मूळ कढईत असते. भाजीला लागलेल्या तेलाचे मात्र कोणी मनाला लावून घेऊ नये. रोज सकाळी यंत्रातला मूठभर माल हातमोजा घालून घट्ट दाबावा: बोटांतून पाणी टपकले तर ओल जास्त आहे, मूठ उघडताच सारे भुरभुरले तर कमी आहे, आणि गोळा टिकला पण हात नुसताच ओलसर झाला तर बरोबर आहे. ओलीचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यापेक्षा मी या मुठीवर अधिक विश्वास ठेवतो.

सुका पालापाचोळा ही यंत्राची अर्धी शिधासामग्री आहे आणि आपल्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. अन्नकचऱ्यात नत्र भरपूर आणि कर्ब तुलनेने कमी असतो. जिवाणूंना कर्बाच्या साधारण ३० भागांस नत्राचा १ भाग असे प्रमाण लागते, आणि कर्बाची ती तूट वाळकी पाने किंवा लाकडाचा भुसा भरून काढतो. भुसा घेतल्यास तो कोऱ्या लाकडाचा घ्यावा. प्लायवूडच्या भुशात डिंक व रसायने असतात. पाने मात्र फुकट मिळतात. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्ते पानांनी भरतात तेव्हाच ती पोत्यांत भरून जिन्याखाली कोरड्या जागी ठेवावीत, कारण पाऊस लागल्यावर कोरडे पान शोधून सापडत नाही. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांची बारीक पाने तशीच घालता येतात. आंबा, वड, बदाम यांची चामट पाने पायाने तुडवून घालावीत. यंदा साठा नसेल तर ‘ब्राउन लीफ’ या पुण्यातल्या उपक्रमाकडे चौकशी करावी. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे, अशांची गाठ तो घालून देतो. तोवर छपाई नसलेला पुठ्ठा फाडून घातला तरी चालेल.

आता मांसाहाराचा तंटा. शास्त्राच्या बाजूने सांगायचे तर तापमान ६० अंशांच्या आसपास राखणारे यंत्र मांस, मासळी आणि कोंबडीची शिजलेली बारीक हाडे पचवू शकते. उघड्या खड्ड्यात ती घातली तर उंदीर, घुशी व कुत्री येतात, बंद पिंपात तो प्रश्न नसतो. अडचण प्रमाणाची आहे. गटारीच्या दुसऱ्या दिवशी बादल्या ज्या वजनाने येतात त्या सगळ्या एकदम रिकाम्या केल्या, तर अमोनियाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. रोजच्या कचऱ्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मांसाहारी खरकटे एका दिवशी न घालणे आणि त्या दिवशी पाला वाढवणे हा माझा व्यवहारी तोडगा आहे. मात्र हा केवळ शास्त्राचा प्रश्न नाही. तयार खत ज्यांच्या तुळशीला जाणार आहे त्यांच्यापैकी काहींची मनापासून हरकत असेल, तर त्यांना जिवाणूंचे पाठ देऊन काही साधत नाही. त्यांच्या कुंड्यांसाठी घरच्या टोपलीत फक्त भाजीपाल्याचे खत करण्याची सोय करून द्यावी. हे दोन-तीन घरांचे काम असते आणि त्यासाठी सभा भरवावी लागत नाही.

निरुपद्रवी वाटणाऱ्या काही वस्तूंकडे लक्ष वेधतो. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्या फसव्या नसतात, पण त्या मोठ्या खतप्रकल्पांतल्या उष्णतेत काही आठवडे ते महिने राहिल्या तर विरतात. आपल्या यंत्रात त्यांच्या पट्ट्या होऊन शाफ्टला बसतात. चहाच्या कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, चकचकीत पत्रावळींनाही असतो. पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ मात्र तुकडे करून खुशाल घालावी. चहाच्या डुबवायच्या पुडीच्या (टी-बॅगच्या) कागदातच पुष्कळदा प्लॅस्टिकचे धागे असतात, म्हणून ती फाडून चोथा तेवढा घ्यावा. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कोथिंबिरीच्या जुडीचे रबर, सफरचंदावरचे स्टिकर हे तीन गनीम जवळपास प्रत्येक बादलीत दडलेले असतात. औषधाच्या गोळ्या नकोत. त्यांतली प्रतिजैविके यंत्रातल्या जिवाणूंनाही सोडत नाहीत. केरसुणीचा केर, उदबत्तीची राख, पाळीव प्राण्यांची विष्ठा नको. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून, लाल ठिपका काढून, वेगळेच द्यायचे असतात. लाल ठिपक्याची ती रीत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी पुणेकरांना शिकवली आणि ती बादली उघडणाऱ्या हातांसाठी आहे. आणखी एक: पिंप फिनाइलने धुवायला लावू नका. आमच्याकडच्या एका उत्साही समितीने ते केले आणि पुढचे तीन आठवडे यंत्र कचरा केवळ गरम करून परत देत होते.

राहिला मोगरा, आणि त्याला बाधले ते मीठ. शिजवलेल्या अन्नात सुमारे एक टक्का मीठ धरले, तर दहा किलो खरकट्यात १०० ग्रॅम मीठ येते. यंत्रातून पाणी वाफ होऊन जाते, मीठ जात नाही. अडीच-तीन किलो पुडीत ते सगळेच्या सगळे उरते, म्हणजे प्रमाण तिप्पट-चौपट होते. लोणच्याचा खार, पापड, फरसाण यांची भर वेगळी. म्हणून लोणचे आणि खारवलेले पदार्थ यंत्राबाहेर ठेवावेत, आणि बादलीत शिजलेल्या अन्नाइतकाच तरी कच्चा भाजीपाला असेल याकडे लक्ष द्यावे. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी क्षारांची विद्युतवाहकता (म्हणजे खारटपणाचे माप) जास्तीत जास्त ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर आणि कर्ब-नत्र प्रमाण २० पेक्षा कमी अशी मर्यादा घातलेली आहे. आपल्या खताचा नमुना माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत देऊन हे दोन आकडे एकदा काढून घ्यावेत.

दुसरे कारण घाईचे. यंत्रातून निघालेला माल सावलीत, सच्छिद्र पोत्यांत किंवा विटांच्या हौदात, पाणी शिंपडून आणि आठवड्यातून एकदा वरखाली करून चार ते सहा आठवडे मुरवावा लागतो. तो ओला केल्यावर पुन्हा गरम होतो, त्यावर पांढरी बुरशी चढते, वास येतो. यात घाबरण्यासारखे काही नाही, यंत्रात अर्धवट राहिलेले काम तिथे पुरे होत असते. तेच काम मोगऱ्याच्या मुळांशी झाले, तर कुजण्याची उष्णता आणि नत्राची ओढाताण झाडाला सोसावी लागते. खत मुरले की नाही हे पाहायला मूठभर माल ओलसर करून झाकणाच्या बरणीत तीन दिवस ठेवावा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक, नाक मुरडावे लागले तर आणखी थांबावे. खात्रीसाठी एका वाटीत निम्मे खत व निम्मी माती, दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे पेरावेत. दोन्हीकडे सारखेच उगवले, म्हणजे खत झाडांना देण्याजोगे झाले.

मोगऱ्याच्या बुंध्याभोवतीचे खत वरच्या दोन बोटे मातीसकट खरवडून काढा आणि मुरवायच्या पोत्यात परत टाका. वाफ्याचा निचरा मोकळा करून भरपूर पाणी खाली जाऊ द्या, म्हणजे साचलेले क्षार धुऊन निघतील. पाऊस लागलाच आहे, तो हे काम फुकट करील. करपलेली पाने लगेच छाटू नका, नवी पालवी हिरवीगार आली की मग छाटा. त्यानंतर मुरलेले खत एक भाग आणि माती चार भाग या प्रमाणात द्या, तेही बुंध्याला न लावता एक वीत अंतर सोडून.